दूध पांघरलं पाहिजे

छबुबाई ओव्हाळ आमच्या केंद्रावर रोजंदारीनं आवार झाडायला होती. मी १९८४ साली खडकओढ्याच्या दूध शीतकरण केंद्राचा प्रमुख म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्या दिवशी फाटक तिनंच उघडलं. पस्तिशीची, काटक, बोलायला कमी. पाटोद्याहून एसटीनं अर्ध्या तासावरचं हे केंद्र म्हणजे पत्र्याचा एक हॉल, एक विहीर, एक बॉयलर आणि माझी टेबल-खुर्ची. आसपासच्या वीस-बावीस गावांच्या दूध सोसायट्या सकाळ-संध्याकाळ जीपमधून कॅन आणायच्या, आम्ही ते दूध गार करायचो, आणि टँकर ते पुढं दूध संघाच्या मोठ्या डेअरीला न्यायचा.

मी केजचा, शहाण्णव कुळी शेतकऱ्याच्या घरचा, विज्ञानाचा पदवीधर. हे सांगायचं कारण असं की पुढं जे घडलं त्यात माझी पदवी काही कामाला आली नाही.

छबुबाई शाळेत गेलेली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात ती नवी नवरी होती आणि पाझर तलावाच्या कामावर डोक्यावर मातीची पाटी घेऊन चढत होती. नवरा जालिंदर पुढं माजलगावकडं ऊसतोडीला जायचा. एका हंगामात भरलेल्या ट्रकवरून पडला आणि कंबर गेली. तेव्हापासून तो घरी बसून दोर वळायचा. दोन मुली. वस्तीवरच्या विहारात दर रविवारी वंदनेला ही तिघींची रांग दिसायची, मागं काठी टेकत जालिंदर.

कॅन धुण्याचं काम तेव्हा सटवा नावाचा एक म्हातारा करायचा. तो मुलाकडं पुण्याला गेला आणि जागा रिकामी झाली. मी छबुबाईला विचारलं, "कॅन धुवाल का?" ती म्हणाली, "धुईन की. पर लोक काय म्हनतील त्ये तुमी बघून घ्या."

लोक म्हणालेच. सगळ्यात मोठ्या सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर येऊन बसले. गावात त्यांचा शब्द चालायचा. "सायेब, दुधाच्या कॅनला हात लावायला दुसरं कुनी घावलं न्हाई का? आमचं काय न्हाई, पर बायामानसं कुरकुर करत्यात." मी म्हणालो, "कॅन स्वच्छ निघाले नाहीत तर सांगा." ते उठून गेले. कॅन स्वच्छ निघत होते, त्यामुळं सांगायला काही नव्हतं. पण ते विसरले नव्हते, हे मला नंतर कळलं.

तिची धुण्याची रीत मी बरेच दिवस लांबून बघत होतो. सोड्याच्या गरम पाण्यानं कॅन घासून झाला, विसळून झाला, की ती एक लोटा पाणी कॅनच्या आतल्या काठावरून हळूच सोडायची आणि कॅन उन्हाकडं कलता करून आत बघत राहायची. मग एखादा बाजूला ठेवायची, एखादा परत घासायला घ्यायची. एकदा न राहवून विचारलं, "हे काय बघता?"

तिनं दोन कॅन माझ्यापुढं कलते केले. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखेच चकचकीत.

"ह्यात बघा. पानी कसं अंगभर पांघरलंय. एक सलग उतरतंय. अन् ह्यात फाटलं."

दुसऱ्या कॅनमध्ये खरंच पाण्याचा पडदा मध्येच दुभंगला होता, कडा गोळा होऊन थेंब झाले होते.

"फाटलं की समजायचं, तिथं चिकट हाय. डोळ्याला दिसत न्हाई, बोटाला लागत न्हाई. पानी खोटं बोलत न्हाई."

मी मान हलवली आणि कामाला गेलो. बाईमाणसाची नजर बारीक असते, एवढंच तेव्हा मनात आलं.

शहाऐंशीला पाऊस आला नाही. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात केंद्राची विहीर तळाला गेली आणि एक दिवसाआड पाण्याचा टँकर येऊ लागला. ते पाणीही जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. लोकांनी जनावरं छावणीत नेली, काहींनी बाजार दाखवला. आमचं संकलन निम्म्याच्याही खाली आलं. संध्याकाळचं संकलन बंद करून सगळं काम सकाळवर आणलं. पाणी वाचावं म्हणून बॉयलर पेटवायचा नाही, असा हुकूम मीच काढला. कॅनपुरतं पाणी चुलीवर तापवायचं, बाकी धुणं गार पाण्यानं.

आमचं दूध गार करायचं यंत्र जुनं होतं. तांब्याच्या आडव्या नळ्या एकावर एक रचून केलेली, पुरुषभर उंचीची भिंतच म्हणा ना. तांब्यावर कल्हईचा हात दिलेला. नळ्यांच्या आतून बर्फगार पाणी फिरायचं आणि वरच्या भोकाच्या पन्हाळीतून सोडलेलं दूध बाहेरून पातळ होऊन खाली उतरायचं. वर सोडताना कोमट, खाली पोचताना पाच अंश. त्या भिंतीचा मालक म्हणजे ऑपरेटर मुंजाजी. पंधरा वर्षं त्यानं ती लेकरासारखी सांभाळली होती. तिला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही.

मे महिन्यात दुधाचा पहिला टँकर परत आला. डेअरीत दूध उकळून बघितलं तर फुटलं. दोन दिवसांनी दुसरा. मग तिसरा. टँकरचा ड्रायव्हर म्हाळू आवारात गाडी लावून नुसता बसून राहिला. दुष्काळात चारा विकत आणून, माणसांनी पाणी न पिता म्हशीला पाजून काढलेलं दूध आम्ही खड्ड्यात ओतत होतो. ते ओतताना कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

अर्जुनराव चार चेअरमन घेऊन आले. या वेळी बायामाणसांची कुरकुर वगैरे काही नाही, सरळ म्हणाले, "कॅन धुनारी बदला. तेव्हाच सांगितलं व्हतं."

मी काय करायला हवं होतं ते आता कळतं. तेव्हा मी घाबरलो होतो. वरून फोन येत होते. मी छबुबाईच्या नावानं कामात निष्काळजीपणा झाल्याचा कागद काढला, तिचा अंगठा घेतला आणि तिला परत खराट्यावर पाठवलं. कॅन धुवायला सोसायटीचाच एक माणूस आला. कागदावर काय लिहिलंय ते तिनं विचारलं, मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "माझे कॅन तुमी बघितले व्हते, सायेब," एवढंच म्हणाली.

चार दिवस गेले. चौथा टँकरही परत आला, पाचवाही. छबुबाई तर आवारात होती. मग नासतंय कशानं? हा प्रश्न माझ्या टेबलावर पडून होता आणि मी त्याच्याकडं बघायचं टाळत होतो.

सहाव्या दिवशी सकाळी संकलन चालू असताना ती हॉलच्या दारात येऊन उभी राहिली. खराटा बाहेर भिंतीला टेकवलेला.

"सायेब, आत येऊ का?"

दोन वर्षं ज्या हॉलमध्ये ती रोज वावरली, तिथं यायला ती परवानगी मागत होती. मी नुसता हात केला.

ती यंत्रासमोर गेली. "ह्या भितीकडं बघा की जरा."

मी बघितलं. दूध उतरत होतं, रोजच्यासारखंच.

"काय बघायचं?"

"आदी दूध कसं उतरायचं? पांढरी चादर टाकल्यागत. नळी दिसत नव्हती. आता पट्टे बघा."

मग मला दिसलं. दूध सलग येतच नव्हतं. वरच्या दोन नळ्यांपर्यंत पडदा धड होता, तिथून खाली फाटून त्याचे चार-चार बोटं रुंदीचे ओघळ झाले होते. ओघळ जाड आणि पळते. त्यांच्यामध्ये नळ्या उघड्या. त्या उघड्या नळ्यांवर बारीक दव धरलं होतं.

मुंजाजी मागून आला. "दूधच कमी हाय तर पट्टे पडनारच. त्याला मी काय करू? यंत्र तेच हाय, मी तोच हाय."

"दूध कमी हाय, खरं हाय मुंजाजीभाऊ," ती म्हणाली. "पर हे दव कुठून आलं? नळीचा गारवा हवेला चाललाय. दुधाला घावतोय कुठं? ज्ये वाहतंय त्ये बी घाईनं पळतंय."

मी थर्मामीटर खालच्या पन्हाळीत धरला. बारा अंश. साठवण टाकीतला थर्मामीटर मात्र, दूध तिथं काही तास आणखी गार झाल्यावर, बरा आकडा दाखवायचा, आणि मी रोज तोच लिहून घेत आलो होतो. बारा अंशांवर टाकीत पडलेलं दूध गार होईस्तोवर निम्मं बिघडत होतं.

संकलन संपल्यावर मुंजाजीनं रोजच्यासारखं यंत्र गार पाण्यानं धुतलं. छबुबाईनं एक लोटा पाणी मागितलं आणि सगळ्यात वरच्या नळीच्या कडेकडेनं, अगदी धार न मोडता, सोडलं. पाणी दोन नळ्या उतरलं आणि फाटलं. तांब्यावर थेंबच थेंब उभे राहिले.

"चिकट हाय," ती म्हणाली.

"कशानं चिकट असंल?" मुंजाजीचा आवाज चढला. "रोज धुतो मी!"

ती भांडली नाही. चुलीवरच्या पातेल्यातून सोड्याचं कढत पाणी तिनं एका फडक्यावर घेतलं आणि नळ्यांचा हातभर रुंद पट्टा वरून खालपर्यंत पुसून काढला. दोनदा, तीनदा. फडक्यावर पिवळट मेण आलं. मग परत एक लोटा. पुसलेल्या पट्ट्यावर पाणी सलग उतरलं, वरपासून खालपर्यंत. त्याच्या दोन्ही बाजूंना तेच पाणी, त्याच नळ्यांवर, थेंब होऊन अडकलं.

मुंजाजी ते फडकं हातात घेऊन उभा होता. त्यानं ते नाकाशी नेलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"करडईचं तेल हाय," तो हळूच म्हणाला. "मी लावतो. संध्याकाळचं बंद झाल्यापून दिवसभर नळ्या कोरड्या ऱ्हातात. कल्हई गेलीय जागोजाग. तांबं हिरवं पडू नये म्हनून संध्याकाळी तेलाचा बोळा फिरवतो अन् सकाळी पुसून काढतो. पुसतो मी, सायेब. आईशप्पत पुसतो."

तो पुसत होता, हे खरंच. पूर्वी बॉयलरच्या उकळत्या पाण्यानं असलं काहीही निघून गेलं असतं. बॉयलर मी बंद केला होता. गार, जड पाणी आणि तेल मिळून त्या नळ्यांवर डोळ्याला न दिसणारा पापुद्रा बसला होता. भरपूर दूध असतं तर त्याच्या जोरावर तेही झाकून गेलं असतं. थोडं दूध त्या पापुद्र्यावर पसरायला तयार नव्हतं.

"मुंजाजीची चूक नाही," मी म्हणालो. "हुकूम माझा होता."

"चूक कुनाची ती मागून बघू," छबुबाई म्हणाली. "उद्या सकाळच्या दुधाचं काय करायचं?"

पाणी दोनच बादल्या शिल्लक होतं. मुंजाजीनं विटेची भुकटी आणली. तिनं त्याचा हात धरला. "भाऊ, चरे पडतील. कल्हई जाईल अन् चऱ्यात दूध बसंल." आवारात तीन दगडांची चूल मांडली, पऱ्हाटी पेटवली, एक बादली पाणी सोडा टाकून उकळलं. ती बादली फडक्या-फडक्यानं पुरवली. तेल गेलं तरी जड पाण्याचा पांढरा थर नळ्यांच्या फटींत चिकटून होता. तेव्हा ती म्हणाली, "परत आलेलं नासकं दूध हाय ना दोन कॅन? त्याचं निवळ द्या."

नासक्या दुधाचं वरचं हिरवट, आंबट पाणी. खड्ड्यात जाणारं. त्यानं तिनं नळीन् नळी चोळली आणि पांढरा थर हळूहळू सुटत गेला. मुंजाजी तिच्या शेजारी उकिडवा बसून खालच्या नळ्या चोळत होता. पंधरा वर्षांत त्या यंत्राला दुसऱ्याचा हात लागलेला मी पहिल्यांदा बघत होतो. शेवटी उरलेलं पाणी उकळून वरून सोडलं. अख्ख्या भिंतीवर ते एकच चादर होऊन उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध सोडलं तेव्हा आम्ही सगळे यंत्रासमोर उभे होतो. वरच्या अर्ध्या भागात पडदा सुरेख उतरला. खालच्या कोपऱ्यात मात्र परत फाटला.

छबुबाई त्या कोपऱ्यापाशी वाकली. मग म्हणाली, "भाऊ, भित सारवायच्या आदी आपन काय करतो?"

"काय करतो?"

"पान्याचा हात मारतो. कोरड्या भितीवर सारवन धरत न्हाई. ओल्यावर थोडकं बी पसरतं. हिचं अंग आदी ओलं करा. वाल्व पुरा सोडा, सगळी भित भिजू द्या. मग हळूहळू कमी करा."

मुंजाजीनं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. दूध धो धो आलं, कानाकोपरा झाकला. मग त्यानं एकेक आटा आवळत आणला. पडदा पातळ होत गेला, इतका की आतल्या तांब्याची तांबूस झाक दिसू लागली. पण तो फाटला नाही. जेवढ्या दुधावर मघाशी फाटला होता, तेवढ्याच दुधावर आता सलग होता.

खाली थर्मामीटर धरला. पाच.

मुंजाजीनं बाहेर धाव घेतली आणि म्हाळूला ओरडून सांगितलं, "आज परत आनू नको बे गाडी!" म्हाळूनं आणली नाही. त्यानंतर त्या उन्हाळ्यात एकही टँकर परत आला नाही.

आठवड्यानं डेअरीचे इंजिनिअर आले. मी त्यांना सगळं जसं घडलं तसं सांगितलं, छबुबाईलाही बोलावलं. तिनं लोटा घेऊन दाखवलं. ते गंभीरपणे बघत होते. म्हणाले, "पातळ थर कसा वाहणार, हे त्याच्याइतकंच खालच्या पृष्ठभागावर अवलंबून असतं. धार कमी झाली की थर फाटतो, आणि आधी ओलं केलं तर कमी धारेतही टिकतो. आम्ही हे पुस्तकात शिकलो आहोत."

छबुबाईनं विचारलं, "मंग तुमाला ठावं व्हतं तर आमाला सांगितलं कावून न्हाई?"

ते म्हणाले, "मला वाटलं, दूध कमी म्हणजे यंत्राला काम सोपं. चुकलंच आमचं." मला तो माणूस आवडला.

तिच्या नावचा कागद मी सगळ्यांसमोर फाडला आणि माफी मागितली. ती संकोचली. म्हणाली, "कागदाचं जाऊ द्या, सायेब. पर परत असं काही झालं तर आदी मला इचारा." संघाला मी पत्र लिहिलं, त्यात तिचं नाव घातलं, आणि ती धुलाई विभागात कायम झाली. मात्र तो हुकूम यायला दीड वर्ष लागलं.

अर्जुनराव तिला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "दूध वाचलं, बरं झालं." पण गावोगावच्या सोसायट्यांत कॅन कसे तपासायचे ते शिकवायला छबुबाईला पाठवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही. मी बरोबर गेलो होतो. त्यांच्याच गावात सोसायटीच्या ओट्याखाली तिला उभं केलं, कॅन ओट्यावर ठेवले. एका माणसानं घागर उचलली आणि म्हणाला, "तू सांग, पानी मी वरून वततो."

छबुबाई हलली नाही. "तसं जमायचं न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "पानी कसं सोडायचं, हेच तर शिकायचं हाय. धार माझ्या हातातली पाहिजे. लोटा मला द्या, न्हाईतर मी जाते."

कुणी पुढं होईना. मी बोलायला तोंड उघडलं, तिनं डोळ्यांनीच मला थांबवलं. तेवढ्यात अर्जुनरावांची सून केसरबाई बायकांतून उठली, आत गेली, घरचा पितळी लोटा भरून घेऊन आली आणि तो छबुबाईच्या हातात दिला. म्हणाली, "वर या, मावशी. खालून आमाला दिसत न्हाई." छबुबाई पायऱ्या चढून ओट्यावर गेली. अर्जुनराव खुर्चीवर होते. ते उठून गेले नाहीत, एवढं मी सांगू शकतो.

त्या वर्षी ती अठरा गावं फिरली. कधी जीपनं, कधी एसटीनं, कधी पायी. सगळीकडं लोटा सरळ हातात मिळाला असं नाही. दोन गावांतून ती न शिकवता परत आली. पुढं त्यातल्या एका गावानं स्वतःहून निरोप पाठवला.

एक्क्याण्णवला तिच्या वस्तीवर बायकांची दूध संस्था उभी राहिली. अकरा बायका वस्तीवरच्या, चार गावातल्या, त्यात केसरबाई एक. विहाराच्या ओसरीत सतरंजीवर पंधराजणी बसून पहिली सभा झाली. अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी छबुबाईचं नाव घेतलं. नोंदणीच्या अर्जावर मी तिच्यापुढं शाईचा पॅड सरकवला, तर तिनं पेन मागितलं. धाकट्या मुलीनं सहा महिने तिला शिकवलं होतं. अक्षर वाकडं आलं, पण 'छबुबाई जालिंदर ओव्हाळ' असं पुरं आलं. जालिंदर दाराशी काठी धरून उभा होता. त्यानं ते कागदावरचं नाव दोनदा वाचून घेतलं, एकदा स्वतःसाठी आणि एकदा मोठ्यानं.

मी पुढं बदलून गेलो, निवृत्त झालो. ती तांब्याची भिंत कधीच मोडीत गेली, आता स्टीलच्या बंद टाक्या आल्या आहेत. मागच्या दिवाळीत खडकओढ्याला गेलो होतो. छबुबाई पंचाहत्तरीच्या पुढं आहे, गुडघे धरलेत, जालिंदर चार वर्षांपूर्वी गेला. संस्था मोठी मुलगी बघते. मला चहा देऊन ती समोर बसली आणि म्हणाली, "सायेब, नातीला डेअरीच्या शिक्षनाला घालायचं म्हनते. कुठं पाठवावं, तुमी सांगा." मी दोन कॉलेजांची नावं सांगितली. तिनं पेन घेतलं आणि ती स्वतः लिहून घेतली.